फ्रिताता : दहा अंशांचा खेळ

इटलीत एखाद्याच्या हातून काम पार बिघडले, की 'त्याने फ्रिताता केला' असे लोक म्हणतात. आपण 'कामाचा विचका केला' म्हणतो, तसेच हे. परंतु खरा फ्रिताता म्हणजे विचका नव्हे. तो इटलीत घरोघरी होणारा अंड्यांचा एक साधा पदार्थ आहे. अंडी फेटायची, त्यांत परतलेल्या भाज्या, बारीक चिरलेला ताजा पाला आणि किसलेले चीज घालायचे, आणि ते मिश्रण जाड थरात मंद विस्तवावर शिजवायचे. फ्रिताता या शब्दाचा मूळ अर्थ 'तळलेली' एवढाच आहे.

आपल्याकडच्या कांदा-कोथिंबीर घातलेल्या ऑम्लेटचा हा जवळचा नातेवाईक. मात्र दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. ऑम्लेट पातळ असते आणि मोठ्या आचेवर मिनिटा-दोन मिनिटांत होते. फ्रिताता दोन-अडीच सेंटिमीटर जाड असतो आणि त्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात. तो केकसारखा कापून वाढतात आणि गार झाल्यावरही आवडीने खातात.

पदार्थ साधा असला तरी तो बिघडण्याचे प्रकार मुख्यतः तीन. एक, तो खालून करपतो आणि मध्ये कच्चा राहतो. दोन, तो चिवट होतो आणि ताटात त्याला पाणी सुटते. तीन, त्यातला हिरवागार पाला शेवाळी रंगाचा आणि बिनवासाचा होतो. हे तिन्ही प्रकार हाताच्या गुणावर किंवा नशिबावर अवलंबून नाहीत. शाळेत शिकलेल्या पदार्थविज्ञानाने आणि रसायनशास्त्राने त्यांची कारणे सांगता येतात.

पाचशे वर्षांपूर्वीचा सल्ला

पंधराव्या शतकात इटलीमध्ये मार्तिनो नावाचा एक नामांकित आचारी होऊन गेला. रोममध्ये एका मोठ्या धर्मगुरूच्या मुदपाकखान्यात तो काम करी. त्याने पाककृतींचा एक ग्रंथ लिहिला आणि त्यात फ्रिताताचीही कृती दिली. अंडी चांगली फेटावीत, त्यांत थोडे पाणी, थोडे दूध आणि किसलेले चीज घालावे आणि ते लोण्यात शिजवावे, असे तो सांगतो. फ्रिताता चांगला व्हायचा तर तो उलटू नये आणि फार शिजवू नये, असेही तो बजावतो. हिरवा फ्रिताता हवा असेल तर त्यात बीटच्या जातीचा पाला, पार्सली, पुदिना, मरवा अशा वनस्पतींचा रस घालावा, अशी पुढची सूचना आहे. यांपैकी पुदिना आणि मरवा आपल्याही परिचयाचे आहेत.

मार्तिनोजवळ तापमापक नव्हता. प्रथिन हा शब्दही त्याच्या काळी जन्मला नव्हता. मग दूध घालावे, फार शिजवू नये, हे त्याने कशावरून सांगितले? अर्थात अनुभवावरून. त्या अनुभवामागचे कारण आपण पाहू.

लोकरीचे गुंडे आणि त्यांचे जाळे

कोंबडीच्या मध्यम अंड्याचे टरफल काढले, तर आतला भाग सुमारे ५० ग्रॅम भरतो. त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश वजन पाण्याचे असते. प्रथिने सुमारे एक-अष्टमांश आणि स्निग्ध पदार्थ सुमारे एक-दशांश. म्हणजे सहा अंडी घेतली तर ३०० ग्रॅमपैकी पाणी सुमारे २२५ ग्रॅम आणि प्रथिने जेमतेम ३८ ग्रॅम. तरीही शिजलेला फ्रिताता सुरीने कापता येतो. सहापट पाण्याला ही मूठभर प्रथिने बांधून ठेवतात तरी कशी?

प्रथिनाचा रेणू म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. कच्च्या अंड्यात ही साखळी सुटी पसरलेली नसते. लोकरीच्या गुंड्याप्रमाणे ती स्वतःभोवती गुंडाळलेली असते. असे असंख्य गुंडे पाण्यात सुटेसुटे तरंगत असतात. म्हणून कच्चे अंडे प्रवाही असते.

उष्णता दिली की रेणूंची हालचाल वाढते. गुंड्याला आकार देणारे दुबळे बंध तुटू लागतात आणि गुंडा उलगडतो. प्रथिनात होणारा हा बदल म्हणजे रेणूची घडी मोडणे होय, असा सिद्धान्त हसियन वू या चिनी शास्त्रज्ञाने १९३१ साली मांडला. उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत अडकतात, त्यांच्यात नवे बंध तयार होतात आणि सगळीकडे एक जाळे विणले जाते. पाणी या जाळ्याच्या बारीक घरांत कोंडले जाते. यालाच आपण अंडे 'साकळले' असे म्हणतो. थिजलेले तूप तापवले की पुन्हा पातळ होते. साकळलेले अंडे मात्र गार केले म्हणून पूर्वीसारखे होत नाही, कारण विणलेले जाळे आपोआप उकलत नाही.

साखळ्या उलगडण्याचा आणखी एक फायदा होतो. आपल्या पचनसंस्थेतील विकरांना त्या तोडणे सोपे जाते. बेल्जियममधील ल्यूव्हन येथील संशोधकांनी १९९८ साली कार्बनच्या जड समस्थानिकांनी खूण केलेली अंडी वापरून हे मोजले. त्यांच्या प्रयोगात शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के प्रथिने पचली, तर कच्च्या अंड्यातील फक्त सुमारे ५१ टक्के.

दहा अंशांची फट

अंड्यातील सर्व प्रथिने एकाच तापमानाला साकळत नाहीत. पांढऱ्या बलकातील एक प्रथिन ६२ अंश सेल्सिअसच्या सुमारास घट्ट होऊ लागते. पिवळा बलक ६५ अंशांना दाटतो आणि ७० अंशांच्या सुमारास आळतो. पांढऱ्या बलकातील सर्वांत विपुल प्रथिन म्हणजे ओव्हॅल्ब्युमिन. एकूण प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक वाटा त्याचा. ते मात्र ८० अंशांच्या सुमारास साकळते. दोन्ही बलक एकत्र फेटले तर मिश्रण ७३ अंशांच्या आसपास आळते.

तापमान ८० अंशांच्या वर जाऊ लागले म्हणजे काय होते? साखळ्यांमधील बंध वाढतच जातात. जाळे आवळले जाते, त्याची घरे लहान होतात आणि ओला पंचा पिळावा तसे आतले पाणी बाहेर पडते. मागे उरतो तो चिवट गोळा आणि त्याभोवती पाण्याचे थारोळे. पाणी सुटलेला फ्रिताता कच्चा राहिला असेल असे पुष्कळांना वाटते, आणि ते तो आणखी शिजवतात. बहुधा वस्तुस्थिती नेमकी उलट असते.

आता दुसरी बाजू. सॅल्मोनेला नावाचा जीवाणू अंड्यात असू शकतो. त्याच्यामुळे ताप, पोटदुखी आणि जुलाब होतात. तो केवळ टरफलावर असतो असे पूर्वी समजत. परंतु १९८० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेत आलेल्या साथींवरून असे दिसले, की त्याचा एक प्रकार न तडकलेल्या, स्वच्छ अंड्याच्या आतही असू शकतो. म्हणून अंड्याचे पदार्थ मध्यभागी ७१ अंशांपर्यंत तापवावेत, अशी अमेरिकेच्या कृषिखात्याची शिफारस आहे.

म्हणजे खालची मर्यादा ७१ अंश आणि वरची सुमारे ८०. खाली गेलात तर आजाराचा धोका, वर गेलात तर चिवट गोळा. या नऊ-दहा अंशांच्या फटीत पदार्थ आणून थांबवणे, हेच फ्रिताताचे सारे कसब होय. 'फार शिजवू नये' हा मार्तिनोचा सल्ला आपण मानू, पण 'मध्यभाग ओघळत नाही तोवर थांबू नये' ही पुस्ती त्याला जोडू.

त्याच्या दुधाचे आणि लोण्याचे कामही आता कळेल. पाण्याने व दुधाने साखळ्या एकमेकींपासून दूर राहतात. त्यांना गाठ पडण्यास अधिक तापमान लागते आणि जाळे सैल, मऊ विणले जाते. दूध आणि लोण्यातील स्निग्ध कण साखळ्यांच्या मध्ये येऊन त्यांना फार जवळ येऊ देत नाहीत. वरची मर्यादा त्यामुळे थोडी पुढे सरकते आणि आचाऱ्याला चार क्षण जास्त मिळतात. पण दूध बेताचेच हवे. सहा अंड्यांना चार मोठे चमचे पुरेत.

भाजीतले चोरपाणी

दूध आपण मोजून घालतो. भाजीतले पाणी मात्र न मोजता आत शिरते. झुकिनी ही भोपळ्याच्या कुळातली, काकडीसारखी दिसणारी भाजी फ्रिताताला फार वापरतात. तिच्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते. टोमॅटोची गत तीच. पालकात सुमारे ९१ टक्के आणि कांद्यात ८९ टक्के.

आता हिशेब करा. सहा अंड्यांत ३०० ग्रॅम कच्ची झुकिनी घातली, तर भाजीबरोबर २८५ ग्रॅम पाणी आले. अंड्यांच्या स्वतःच्या पाण्याहूनही हे जास्त! शिजताना पेशींच्या भित्तिका सैल होतात आणि समजा यातले एक-तृतीयांश पाणी बाहेर आले, तर ९५ ग्रॅम पाणी जाळ्यावर येऊन पडले. ३८ ग्रॅम प्रथिनांना २२५ ऐवजी ३२० ग्रॅम पाणी धरून ठेवायचे आहे. जाळे फाटते ते येथे.

यावर उपाय दोन. पहिला मिठाचा. चिरलेल्या भाजीवर मीठ चोळून अर्धा तास ठेवली, की परासरणामुळे पेशींतले पाणी बाहेर येते. ते पिळून टाकता येते. काकडीची कोशिंबीर करताना आपल्याकडे हेच करतात. दुसरा उपाय आचेचा. भाजी आधी वेगळी परतून घ्यावी. १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. १०० ग्रॅम पाणी उडवायचे म्हणजे ५४,००० कॅलरी, अर्थात बर्फाइतके थंड अर्धा लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता. म्हणून ही घाई करण्याची गोष्ट नव्हे. जोवर पाणी आहे तोवर भाजीचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. पाणी आटल्यावरच ती खरपूस तांबूस होते. शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्या संयोगाने हा रंग आणि वास येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार याने या क्रियेचे वर्णन १९१२ साली केले.

बटाटा या नियमाला अपवाद आहे. त्यातील पिष्टमय कण शिजताना पाणी शोषून फुगतात आणि ते धरून ठेवतात. स्पेनमध्ये बटाटे घालून असाच जाड पदार्थ करतात, तर इटलीतील नेपल्स शहरात उरलेला पास्ता घालून फ्रिताता करतात. त्यांना पाणी सुटण्याची भीती कमी.

जाडीचा वर्ग

ऑम्लेटसारख्याच मोठ्या आचेवर फ्रिताता केला तर? उष्णता तव्याकडून वर जाते ती वहनाने. वहनाचा एक नियम असा, की थर जाड होत गेला तर उष्णता पलीकडे पोचण्यास लागणारा वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्ध्या सेंटिमीटरच्या थराला ३० सेकंद लागत असतील, तर अडीच सेंटिमीटरच्या थराला, म्हणजे पाचपट जाडीला, पंचवीसपट वेळ लागेल. ३० गुणिले २५ म्हणजे ७५० सेकंद, अर्थात साडेबारा मिनिटे. प्रत्यक्षातही जवळजवळ एवढाच वेळ लागतो!

इतका वेळ मोठ्या आचेवर ठेवला तर खालचा थर ८० अंश केव्हाच ओलांडून करपणार. म्हणून आच मंद हवी. तवा जाड बुडाचा, शक्य तर बिडाचा असावा, म्हणजे उष्णता सर्वत्र सारखी पसरते. आणि वर झाकण हवे. झाकणाखाली साठलेली वाफ वरच्या थंड पृष्ठभागावर पडून तिचे पाणी होते आणि तेव्हा प्रत्येक ग्रॅममागे तेच ५४० कॅलरींचे धन ती तेथे सोडते. अशा रीतीने पदार्थ दोन्ही बाजूंनी तापतो. इटलीत कोणी तव्यावर थाळी पालथी घालून फ्रिताता उलटतात, तर कोणी वरून आच देणाऱ्या भट्टीत सरकवतात. झाकण वापरले तर मार्तिनोप्रमाणे न उलटताही काम होते.

पाल्याचा रंग आणि वास

हिरव्या पाल्याचा रंग हरितद्रव्याचा. त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. हरितद्रव्यावरील संशोधनाबद्दल रिखार्ट व्हिल्श्टेटर या जर्मन शास्त्रज्ञाला १९१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाला फार वेळ तापला की पेशी फुटतात. पानातीलच आम्ले हरितद्रव्यापर्यंत पोचतात आणि मॅग्नेशियमच्या जागी हायड्रोजन येऊन बसतो. हिरवा रंग जाऊन शेवाळी रंग येतो तो यामुळे. टोमॅटोसारखी आंबट वस्तू बरोबर असेल तर हे लवकर घडते. अंड्याची येथे मदतच होते. पांढरा बलक अल्कधर्मी असल्यामुळे फेटलेले अंडे एकंदरीत आम्लधर्मी नसते.

दुसऱ्याही एका कारणाने फ्रिताता हिरवट-करडा दिसू शकतो. तो गरम तव्यावर फार वेळ राहिला, तर पांढऱ्या बलकातील गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि पिवळ्या बलकातील लोहाशी त्याचा संयोग होतो. फार उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती जे हिरवट कडे दिसते, ते याचेच. त्यात अपाय काही नाही, पण ती जास्त शिजल्याची खूण आहे.

आता वास. इटलीत बेसिल ही वनस्पती फार वापरतात. ती आपल्या तुळशीच्या प्रजातीतलीच. पार्सली कोथिंबिरीच्या कुळातली. बेसिलच्या पानांवरील सूक्ष्म ग्रंथींत बाष्पनशील तेले असतात. त्यांतील एक युजेनॉल, जे लवंगेतही असते. अशी पाने कडकडीत तेलात टाकली तर सुवास घरभर दरवळतो, पण ताटात येत नाही. तीच पाने चिरून फेटलेल्या अंड्यात मिसळली तर त्यांचे तापमान ८० अंशांच्या आत राहते, आणि सुवासाचे रेणू पिवळ्या बलकातील स्निग्ध पदार्थात विरघळून तेथेच टिकतात. म्हणून भाजी आधी तव्यात आणि पाला शेवटी अंड्यात. पाला चिरावा धारदार सुरीने आणि आयत्या वेळी. चेचलेल्या पानांतील विकरे हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने त्यांना काळे पाडतात.

कृती

सहा अंडी, चार मोठे चमचे दूध, चवीपुरते मीठ व मिरपूड आणि मूठभर किसलेले चीज एकत्र फेटा. ३०० ग्रॅम झुकिनी किंवा कोवळा दुधी आणि एक कांदा चिरून थोड्या तेलात परता. भाजीचे वजन सुमारे २०० ग्रॅम उरले की ती गार करून अंड्यांत घाला. मग बेसिल, पार्सली, पुदिना किंवा कोथिंबीर यांपैकी मिळेल तो पाला चिरून मिसळा. सुमारे २० सेंटिमीटर व्यासाच्या जाड तव्यात लोणी वितळवून मिश्रण ओता, झाकण ठेवा आणि आच मंद करा. दहा मिनिटांनी तवा किंचित हलवून पाहा. मध्यभाग लाटेसारखा हलला तर तो कच्चा आहे. खरवसासारखा नुसता थरथरला आणि खुपसलेली सुरी कोरडी निघाली तर उतरवा. उतरवल्यावरही कडेची उष्णता मध्याकडे जात राहते. पाच मिनिटे थांबून मग कापा. विस्तवाजवळचे काम घरातील वडीलधारी मंडळींच्या देखरेखीखाली करावे.

करून पाहा

१. दुधीचे किंवा काकडीचे १०० ग्रॅम काप घ्या. त्यांवर चमचाभर मीठ चोळा. अर्ध्या तासाने पिळून पुन्हा वजन करा. किती पाणी गेले?

२. पालकाची पाने तीन भांड्यांत दहा मिनिटे उकळा. एकात नुसते पाणी, दुसऱ्यात लिंबाचा रस, तिसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. तिन्हींचे रंग ताडून पाहा आणि कारण लिहा.

३. शाळेच्या प्रयोगशाळेत एका परीक्षानळीत पांढरा बलक घ्या. ती पाण्याच्या चंचुपात्रात ठेवून पाणी अगदी सावकाश तापवा. बलक प्रथम धूसर केव्हा होतो आणि पूर्ण पांढरा घट्ट केव्हा होतो, ती तापमाने तापमापकावर वाचून नोंदवा. हे अंडे खाऊ नये, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. ज्यांच्या घरी अंडे चालत नाही त्यांनी पहिले दोन प्रयोग करावेत.

शेवटी एक प्रश्न. गार झालेला फ्रिताता नुसता खाल्ला तर मऊ लागतो, पण तोच मोठ्या आचेवर पुन्हा तापवला तर चिवट होतो आणि त्याला पाणी सुटते. असे का? उत्तर वर आलेलेच आहे. ते शोधून चार ओळींत आपल्या वहीत लिहा.